मोलेसरशास्त्री

भाषांतराच्या तासाला फळ्यावर मराठी वाक्य लिहिले गेले की वर्गात प्रथम उत्साह आणि मग शांतता पसरते, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाला आहे. पोटात कावळे ओरडू लागले, हे वाक्य कोणी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत उतरविले, तर वाचणाऱ्या साहेबाला त्या मुलाने कावळेच गिळले असावेत असे वाटेल. डोळा लागला, कान भरले, तोंड सुटले, हात ओला झाला, ह्या साध्या बोलण्यातील वाक्यांची तीच गत. शब्द सगळे ओळखीचे असतात, पण अर्थ त्यांच्यात सापडत नाही. अशा वेळी वडीलधारी माणसे ज्या जाडजूड ग्रंथाकडे बोट दाखवीत आली, त्याला ते कोश न म्हणता नुसते मोल्सवर्थ म्हणत. मनुष्याचे नाव ग्रंथाला मिळावे आणि मनुष्य मात्र विसरला जावा, असे येथे झाले आहे. त्या मनुष्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ ह्यांचा जन्म इ. स. १७९५ मध्ये झाला. वयाची विशी गाठण्यापूर्वीच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडील सैन्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. त्या काळी असे पुष्कळ तरुण येत. कोणी पैसा मिळविण्यासाठी येई, कोणी पराक्रम गाजविण्यासाठी. कित्येक तर हवा न मानवून वर्षा-दोन वर्षांतच मातीला मिळत. मोल्सवर्थ मात्र भाषेच्या नादी लागले. येथील भाषांचा त्यांनी मनापासून अभ्यास केला, आणि सोलापूरच्या छावणीत असताना कानी पडणारे मराठी शब्द टिपून ठेवण्याची सवय त्यांना जडली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि मराठी बोलणारा मोठा मुलूख कंपनीकडे आला. रयतेची तक्रार ऐकावयाची, सारा ठरवावयाचा, साक्षीपुरावा घ्यावयाचा, तर भाषा आलीच पाहिजे. आणि भाषा शिकावयाची तर कोश हवा. कोश अगदीच नव्हते असे नाही. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे डॉ. विल्यम कॅरी ह्यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८१० मध्ये एक मराठी-इंग्रजी कोश छापला होता. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. पुढे १८२४ मध्ये मुंबईस व्हॅन्स केनेडी ह्यांचाही कोश निघाला. परंतु ह्या दोहोंच्या जाळ्यातून भाषेचा मोठा भाग निसटलेलाच होता. तेव्हा मोल्सवर्थ ह्यांनी आपला संग्रह सरकारपुढे ठेवला आणि १८२५ च्या सुमारास मुंबई सरकारने ते काम रीतसर हाती घेतले. त्यांच्या मदतीला थॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी हे दोघे भाऊ आले. ते दोघेही लष्करातलेच. शिवाय शास्त्री-पंडितांचे एक मंडळ नेमण्यात आले. त्यात जगन्नाथशास्त्री क्रमवंत होते, आणि पुढे ज्यांनी नवनीत हा काव्यसंग्रह सिद्ध केला ते परशुरामपंत गोडबोलेही होते.

शब्दाला प्रतिशब्द देणे हे वरवर पाहता हलके काम वाटते. ते किती जड आहे, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाला चटकन पटेल. तिफण ह्या शब्दाचे इंग्रजी काय करावे? पेरणीचे अवजार एवढे म्हटले, तर खोटे काही नाही. पण खरेही पुरते नाही. तिच्या तीन फणांचे काय? वरच्या चाड्याचे काय? मागून चालत, बांधलेल्या सरत्यात बेताने बी सोडणाऱ्या बाईचे काय? वखर आणि डवरा ह्या दोहोंना इंग्रजीत एकच शब्द लावला, तर आपल्या घरचा सालदार हसेल. विलायतेतील शेतात ही अवजारेच नाहीत, मग त्यांची नावे तेथे कोठून असणार? म्हणून कोशकाराला पुष्कळ ठिकाणी नाव देता येत नाही, वस्तूच शब्दांनी उभी करावी लागते. ती उभी करावयाची तर आधी स्वतः समजून घ्यावी लागते, आणि समजून घेण्यासाठी ज्याच्या हातात ती रोज असते त्याला विचारावे लागते.

येथेच मोल्सवर्थ ह्यांची थोरवी दिसते. त्यांच्या कोशात पोथीतील शब्द आहेत, तसेच कुणब्याचे, सुताराचे, कोळ्याचे, बाजारातील दुकानदाराचे आणि चुलीपाशी बसलेल्या बाईचेही आहेत. भांडणातले आहेत, लाडातले आहेत, लहान मुलांशी बोलताना वापरायचेही आहेत. शिष्टांच्या कानाला न रुचणारा शब्द लोकांच्या तोंडी असेल, तर केवळ तेवढ्यासाठी त्याला बाहेर ठेवावयाचे नाही, अशीच त्यांची वृत्ती कोशाच्या पानोपानी दिसते. शब्द संस्कृतातून आला, की अरबी, फारसी वा हिंदुस्थानीतून, ह्याची खूण ते शब्दाजवळच करतात. पण परक्या कुळातला म्हणून कोणाला पंक्तीबाहेर उठवीत नाहीत. मराठीचे घर पहिल्यापासून पाहुण्यांनी भरलेले आहे. पगार, चावी हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले. बटाटा तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या बोलीतून स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांच्या तोंडी बसून, समुद्र ओलांडून आपल्या ताटात पडला. आता त्याला परका कोण म्हणेल?

त्यांच्या अर्थ देण्याच्या पद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठी शब्दाला एकच इंग्रजी शब्द चिकटवून ते क्वचितच थांबतात. एक शब्द देतात, त्याने समाधान न झाल्यास दुसरा, मग तिसरा. आणि तरीही काही उरलेच, तर त्या शब्दाचा रोख कसा आहे, तो रागाने म्हणतात की थट्टेने, हे वाक्यात सांगतात. हात, डोळा, तोंड, पोट ह्यांसारख्या शब्दांखाली तर वाक्प्रचारांची रांगच लागलेली असते. म्हणींनाही त्यांनी भरपूर जागा दिली आहे. आणि खळखळ, सळसळ, चुळबुळ, धडधड ह्यांसारखे ध्वनीतून जन्मलेले शब्द! मराठीत त्यांचे अमाप पीक आहे. इंग्रजी शिकलेला आपलासुद्धा मनुष्य ह्या शब्दांपाशी हात टेकतो. मोल्सवर्थ तेथेही नेट धरून बसतात. कधी कधी हा भार वाचकाला जड होतो, हे कबूल केले पाहिजे. घाईत अर्थ पाहू गेलेला विद्यार्थी पाच-सहा इंग्रजी शब्दांच्या गर्दीत उभा राहतो आणि ह्यांपैकी आपला कोणता, हे त्याला कळत नाही.

पहिली आवृत्ती १८३१ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाली. तीत सुमारे चाळीस हजार शब्द होते. लोकांनी त्यांचे नाव आपल्या जिभेला सोईचे करून घेतले आणि त्यापुढे पदवीही जोडली: मोलेसरशास्त्री. गोऱ्या कप्तानाला शास्त्री म्हणणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मात्र एक गोष्ट मनाला लागून राहते. कोशाच्या मुखपृष्ठावर तीन इंग्रजांची नावे आहेत, शास्त्रीमंडळींची नाहीत. त्या पंडितांनी सिद्ध केलेला महाराष्ट्र भाषेचा कोश हा मराठी-मराठी ग्रंथ १८२९ पासून प्रसिद्ध होऊ लागला, म्हणून त्यांचे श्रम जगाला दिसले तरी. पण ज्या असंख्य माणसांनी आपल्या तोंडचा शब्द आणि त्याची खुबी त्या पंडितांना सांगितली असेल, त्यांची नोंद कोणत्याच पानावर नाही.

मराठी-इंग्रजी कोश पुरा होताच मोल्सवर्थ ह्यांनी उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश आरंभिला. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही. वर्षानुवर्षे बैठे काम आणि उष्ण हवा ह्यांनी शरीर खचले, आणि काम अर्धवट टाकून त्यांना स्वदेशी परतावे लागले. ते काम थॉमस कँडी ह्यांनी पुरे केले आणि १८४७ मध्ये तो कोश बाहेर पडला. मित्राने टाकलेले ओझे निमूटपणे उचलून मुक्कामाला पोहोचविणारा मनुष्य म्हणून कँडी ह्यांचेही स्मरण ठेवले पाहिजे.

ह्याच सुमाराच्या त्यांच्या आयुष्यातील एक घटना कोशाइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोल्सवर्थ हे कट्टर धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. शस्त्र धारण करून पोट भरणे आपल्या श्रद्धेशी जुळत नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. असे पुष्कळांना वाटते आणि पुष्कळजण ते मनात ठेवून पगार घेत राहतात. मोल्सवर्थ ह्यांनी लष्करी हुद्दा सोडला. इतकेच नव्हे, तर त्या नोकरीबद्दल मिळू शकणारे निवृत्तिवेतनही नाकारले. प्रकृती खालावलेली, हाती दुसरा धंदा नाही, अशा स्थितीत हक्काचा पैसा परत करणे म्हणजे काय, हे आपल्या घरातील मिळवत्या माणसाला विचारून पाहावे. कोणाला हा हटवादीपणा वाटेल. पण जो मनुष्य एका मराठी शब्दाला पुरता न बसणारा इंग्रजी शब्द लावून मोकळा होत नसे, त्याला जुळत नसलेल्या जीवनावर तरी समाधान कसे मानता यावे?

सैन्य सुटले, तरी मराठी सुटली नाही. पहिल्या आवृत्तीतील उणिवा त्यांना ठाऊक होत्या. सरकारने दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांना पुन्हा बोलाविले, आणि १८५१ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, ते समुद्र ओलांडून परत आले. त्या वेळी आपला वऱ्हाड प्रांत निजामाच्या राज्यात होता. १८५३ मध्ये तो कंपनीच्या कारभाराखाली आला. पहिला संग्रह मुख्यतः मुंबई इलाख्यातला, देशावरचा आणि कोकणातला. म्हणून पैनगंगेच्या काठचा किंवा अजिंठ्याच्या डोंगराखालचा एखादा अस्सल वऱ्हाडी शब्द त्यात सापडला नाही, तर आपण नवल करू नये. तो आपल्याच आजीला विचारून वहीत टिपून ठेवावा, हे बरे.

सहा वर्षे खपून दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. शब्द साठ हजारांच्या घरात गेले. मुंबईचे विद्वान मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांनी मराठी भाषेची घटना आणि तिचा विस्तार ह्यांविषयी एक विवेचक निबंध तीस जोडला. हिंदुस्थानभर तोफांचा गडगडाट चालू असलेल्या त्या वर्षी, एकेकाळी स्वतः सैनिक असलेला हा मनुष्य शब्दांचे मुद्रण पाहून देत होता! नंतर तो इंग्लंडास परतला आणि ब्रिस्टलजवळील क्लिफ्टन येथे त्याचे अखेरचे दिवस गेले.

त्या कोशानंतर अनेक मोठे कोश झाले, तरी मोल्सवर्थ बाजूला पडला नाही. १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने तो पुन्हा छापून काढला. दोन्ही आवृत्त्यांची मुखपृष्ठे ज्याला शेजारी ठेवून पाहता येतील, त्याने जरूर पाहावीत. १८३१ च्या पानावर कॅप्टन मोल्सवर्थ असे छापलेले आहे. १८५७ च्या पानावर कॅप्टन हा शब्द नाही.