पहिला डिस्क ब्रेकही किंचाळायचा: फ्रेडरिक लँचेस्टर आणि तुमच्या गाडीचे ‘परफॉर्मन्स’ पॅड

माजरी जंक्शनच्या फलाटावर पाच मिनिटं उभे राहिलात, तर ब्रेकचा आवाज म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. वणी-पिंपळकुट्टीकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. कोळशाच्या मालगाड्या येतात, जातात, आणि थांबताना अशा करकरतात की फोनवरचं बोलणं मध्येच थांबवावं लागतं. मालगाडीला त्याबद्दल कुणी नावं ठेवत नाही. पण हाच आवाज आपल्या कारमधून आला, तोही ऑनलाइन मागवलेले महागडे ‘परफॉर्मन्स’ ब्रेक पॅड बसवल्यावर, की जीव खालीवर होतो. पॅड डुप्लिकेट निघाले का? डिस्क गेली का?

इथल्याच एका मित्राचं हेच झालं. सेकंडहँड घेतलेली, पण चांगली ताकदवान हॅचबॅक. स्पोर्ट्स कारला लावतात तसले पॅड त्याने टाकले आणि दुसऱ्याच दिवशी गाडी गल्लीत ओरडून राहिली. त्याची गोष्ट शेवटी सांगतो. आधी ज्या माणसाला हाच त्रास १२० वर्षांपूर्वी झाला, त्याची ओळख करून घेऊ.

फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर. जन्म २३ ऑक्टोबर १८६८, लंडन. वडील वास्तुविशारद, घरात आठ भावंडं, हा चौथा. शिक्षण साउदॅम्प्टनला आणि मग लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये झालं, पण पदवी न घेताच बाहेर पडला. १८८९ मध्ये बर्मिंगहॅमला गॅस इंजिनच्या कारखान्यात लागला. आठवड्याला एक पौंड पगार. करारात कलम होतं की नोकरीत असताना लावलेला शोध कंपनीच्या मालकीचा. पठ्ठ्याने सही करण्याआधी ते कलम खोडून टाकलं. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला ही अक्कल होती, म्हणूनच पुढे त्याच्या नावावर इतकी पेटंटं जमा झाली.

१८९५ मध्ये त्याने भाऊ जॉर्जला हाताशी घेऊन पेट्रोलवर चालणारी चारचाकी बनवली आणि १८९६ च्या सुरुवातीला ती रस्त्यावर आणली. ब्रिटनमध्ये अशी गाडी अगदी पहिल्यांदाच बनत होती. त्या वेळच्या कायद्याने इंजिनाच्या गाडीपुढे एक माणूस पायी चालायला हवा होता आणि वेग ताशी चार मैलांच्या वर न्यायचा नव्हता. म्हणजे गाडी तयार, पण चालवायची चोरून! तो कायदा त्याच वर्षाच्या शेवटी सैल झाला. १८९९ च्या डिसेंबरमध्ये लँचेस्टर इंजिन कंपनी उभी राहिली. तिसरा भाऊ फ्रँक विक्री बघायचा.

या माणसाचं सगळ्यात मोठं वेड होतं थरथर. गाडी थरथरली की त्याला चैन पडत नसे. म्हणून दोन सिलिंडरच्या इंजिनात त्याने दोन क्रँकशाफ्ट टाकले, एकमेकांच्या उलट फिरणारे. एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकायचा. पुढे चार सिलिंडरच्या इंजिनासाठी त्याने उलट फिरणाऱ्या वजनांची जोडी शोधली. तिलाच आज बॅलन्स शाफ्ट म्हणतात. १९८० च्या दशकातल्या पोर्श ९४४ मध्ये मित्सुबिशीकडून परवाना घेऊन बसवलेले बॅलन्स शाफ्ट याच कल्पनेतून आलेले. तुमच्या बाइकच्या जाहिरातीत काउंटर बॅलन्सर हा शब्द दिसला असेल, तोही याच कुळातला.

आणि नेमका याच माणसाचा ब्रेक थरथरला.

१९०२ साली त्याने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. अमेरिकेत एल्मर स्पेरीने त्याआधी विजेच्या गाडीवर एक प्रकार करून पाहिला होता, पण आजच्या कॅलिपरशी नातं सांगणारी रचना लँचेस्टरची. चाकासोबत फिरणारी पातळ धातूची चकती आणि तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे जबडे. चिमटीत पकडायची जागा कशाची करायची? तेव्हा हाताशी होतं तांबं. धातूवर धातू घासला आणि असा काही कर्कश आवाज निघायचा की आजूबाजूच्या माणसांच्या अंगावर काटा यावा. त्यात रस्ते कच्चे, सगळीकडे धूळ. तांब्याचे पॅड भराभर झिजायचे. कल्पना पूर्ण बरोबर, आणि वापरायला नकोशी.

आता हा आवाज येतो कसा ते बघा. शाळेत खडू फळ्यावर किंचाळायचा आणि सरांनी तो मधोमध मोडला की गप्प व्हायचा, आठवतं? खडू तोच, फळाही तोच. बदलली फक्त लांबी, म्हणजे खडूची थरथरायची पद्धत. ब्रेकमध्ये हेच होतं. पॅड डिस्कला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, सेकंदाला हजारो वेळा. ही लय डिस्कच्या स्वतःच्या लयीशी जुळली की डिस्क काशाच्या थाळीसारखी वाजायला लागते. परफॉर्मन्स पॅडमध्ये धातूचं प्रमाण बहुधा जास्त असतं, कारण तो तापल्यावरही पकड सुटू नये म्हणून बनवलेला असतो. साहजिकच तो साध्या पॅडपेक्षा जास्त वाजतो. थोडक्यात, तुम्ही पैसे मोजून लँचेस्टरच्या तांब्याकडे दोन पावलं मागे गेलेला असता.

म्हणून आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी येतो हे लक्षात ठेवा. फोनचा रेकॉर्डर चालू करून सोबत बसलेल्याच्या हातात द्या, मेकॅनिकला ऐकवायला बरं पडतं. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला, हळू वेगात, हलका पाय ठेवल्यावर चीं होतं आणि गाडी तापली की बंद होतं, तर तो बहुतेक वेळा पॅडचा स्वभाव आहे. खास रेसट्रॅकसाठी बनवलेला पॅड असेल तर गावात तो कधी पुरेसा तापणारच नाही. आवाज राहील आणि थंड असताना पकडही कमी मिळेल. तो पॅड गल्लीसाठी नाहीच, काढून टाका.

पॅड नवे असतील तर ते डिस्कवर बसवून घ्यावे लागतात, आणि हे काम बरेच जण टाळतात. रिकाम्या रस्त्यावर ताशी साठच्या आसपास वेग न्यायचा, घट्ट ब्रेक दाबून पंधरा-वीसवर आणायचा, पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी थंड होऊ द्यायची. पॅडच्या खोक्यात वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळा. यातून डिस्कवर पॅडच्या मालाचा एक पातळ, सारखा थर चढतो. तो ठिगळाठिगळांनी चढला की आवाजही येतो आणि पायाला धडधडही जाणवते.

आता चाल बदलून ऐका. ब्रेक न लावताच बारीक शीळ येते आणि ब्रेक दाबला की ती बदलते किंवा थांबते? मग पॅडवरची पत्र्याची छोटी पट्टी डिस्कला लागत असू शकते. पॅड संपत आला हे कळावं म्हणूनच ती ठेवलेली असते. कधी कधी नवा पॅड उलट्या बाजूला बसवल्यानेही ती घासते. खड्ड्यात टक्‌टक्‌ होतं, तर पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिपा जुन्या तरी आहेत किंवा बसवताना राहून तरी गेल्यात. एकाच चाकातून आवाज, तेच चाक जास्त गरम, आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला, असं असेल तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्यात. आपल्याकडे कोळशाची भुकटी आणि पावसातला काळा चिखल यांची मेहेरबानी असते, त्यामुळे ही शक्यता मी सगळ्यात आधी तपासायला सांगेन. आणि घर्रर्र असा खरवडल्यासारखा आवाज आला, तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय. तिथेच गाडी उभी करा.

एक उपाय मात्र चुकूनही करू नका. आवाज बंद व्हावा म्हणून डिस्कवर किंवा पॅडच्या तोंडावर तेल, ग्रीस, स्प्रे मारणारे महाभाग आहेत. आवाज थांबतो, पण मग गाडी थांबत नाही. ग्रीस लागतं ते पॅडच्या पाठीला आणि सरकणाऱ्या पिनांना, तेही ब्रेकसाठीचंच, अगदी बोटभर.

लँचेस्टरच्या आवाजावर तोडगा निघाला तो हर्बर्ट फ्रूडच्या हातून. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात उतारावर घोडागाड्यांचे लाकडी ब्रेक टिकत नव्हते, गाडीवान त्यावर जुने बूट बांधायचे. ते पाहून फ्रूडने ब्रेकला अस्तर बनवायचा धंदा सुरू केला. फेरोडो हे नाव गॅरेजमध्ये ऐकलं असेल, ते याच आडनावाची अक्षरं फिरवून बनलंय. १९०७-०८ च्या सुमारास त्याने अस्तरात ॲस्बेस्टॉस वापरलं. ते जळत नाही, टिकतं, आणि मुख्य म्हणजे गप्प असतं. पुढची कित्येक दशकं जगभरच्या गाड्या त्यावर थांबल्या.

त्या शांततेची किंमत दुसऱ्यांनीच मोजली. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू फुप्फुसात जाऊन बसतात आणि बाहेर येत नाहीत. १९२४ मध्ये इंग्लंडातल्या रॉचडेलला नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी कामगार बाई ३३ व्या वर्षी गेली, आणि तिच्या मृत्यूपासून या आजाराची वैद्यकीय नोंद सुरू झाली. ब्रिटनने पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये. म्हणून आजही पॅड घेताना खोक्यावर नॉन-ॲस्बेस्टॉस लिहिलंय का ते बघा, आणि मेकॅनिक हवेच्या पाइपने ब्रेकची धूळ उडवत असेल तर त्याला थांबवा. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसता येतं. ज्याच्या नाकातोंडात ती धूळ रोज जाते, तो तुम्ही नाही, तो आहे. जाता जाता, तांबंही सुटलेलं नाही: पॅडमधून झिजलेलं तांबं ओढ्यानाल्यांत जाऊन मासे मारतं म्हणून कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये त्यावर मर्यादा आणणारा कायदा केला.

लँचेस्टरकडे परत येऊ. १९०४ मध्ये मागणी असूनही भांडवल नाही म्हणून कंपनी बुडीत निघाली. ती नव्या नावाने उभी राहिली, पण मालकी त्याच्या हातात राहिली नाही. तो डेमलर कंपनीचा सल्लागार झाला. मधल्या काळात विमान हवेत का तरंगतं यावर १९०७ आणि १९०८ मध्ये दोन जाड ग्रंथ लिहिले. पहिल्या महायुद्धात दोन सैन्यांची ताकद गणिताने कशी मोजायची याचे नियम मांडले, ते आजही त्याच्याच नावाने शिकवतात. १९२२ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. नंतर लाउडस्पीकर बनवायचा धंदा काढला, तो मंदीत बसला. शेवटी पार्किन्सनने हात थरथरायला लागले. ज्याने आयुष्यभर यंत्रांची थरथर थांबवली, त्याच्या वाट्याला हे आलं. दृष्टीही गेली. ८ मार्च १९४६ ला बर्मिंगहॅमला तो गेला तेव्हा हातात पैसा जवळजवळ नव्हता.

सात वर्षांनी, १९५३ च्या ल मॉन्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी-टाइप पहिली आली. तिला डिस्क ब्रेक होते. ड्रम ब्रेकवाल्या गाड्यांपेक्षा तिचे चालक वळणाच्या कितीतरी जवळ जाऊन ब्रेक मारत होते. १९५५ पासून सिट्रोएनच्या डीएसमधून डिस्क ब्रेक साध्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला.

मित्राच्या गाडीचं काय झालं? पुढचं डावं चाक उघडलं तर पॅडच्या पाठीमागची पातळ शिम जुन्या पॅडसोबतच फेकली गेलेली होती, आणि खालची पिन काळ्या राड्याने जाम. पिन साफ केली, शिम नवी टाकली, मग भल्या पहाटे भद्रावतीच्या रस्त्यावर पॅड बसवून घेतले. आता थंडीत सकाळी एक-दोनदा चीं होतं. तेवढं तो चालवून घेतो.