विश्लेषण : उन्हातही शरीर ३७ अंशांवर कसे राहते? सशाच्या कानाने दिले होते उत्तर!

बाहेर पारा ४२ अंशांवर असो वा १० अंशांवर, निरोगी माणसाच्या शरीरातील तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. ते राखण्यात त्वचेतील रक्तवाहिन्यांचा मोठा वाटा असतो आणि या वाहिन्यांवर मज्जातंतूंचा ताबा असतो. हे उलगडण्यात आघाडीवर होते फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार.

क्लोद बर्नार कोण होते?

त्यांचा जन्म १२ जुलै १८१३ रोजी फ्रान्समधील सँ-जुलियाँ या गावी झाला. वडील द्राक्षमळ्यात राबणारे, घरची परिस्थिती बेताची. तरुणपणी बर्नार लिऑनमध्ये एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करत होते; ओढ मात्र नाटकांची. १८३४ मध्ये स्वतः लिहिलेली शोकांतिका घेऊन त्यांनी पॅरिस गाठले. तिथे समीक्षक सँ-मार्क जिरार्दँ यांनी त्यांना पोटापाण्यासाठी वैद्यकी शिकण्याचा सल्ला दिला. पुढे फ्रान्स्वा माजँदी यांच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस झाले आणि तिथेच रमले.

सशाचा प्रयोग काय होता?

मज्जातंतू कापला तर शरीराचा तो भाग थंड पडेल, अशी बर्नार यांची अपेक्षा होती. १८५१ मध्ये त्यांनी सशाच्या मानेतील एका बाजूचा मज्जातंतू कापला. झाले उलटेच! त्या बाजूचा कान लाल आणि गरम झाला. पुढच्या वर्षी कापलेल्या तंतूच्या टोकाला वीजप्रवाह देताच रक्तवाहिन्या आकसल्या आणि कान पुन्हा थंड झाला. ब्राउन-सेकार यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. मज्जातंतू रक्तवाहिन्या आवळून धरतात, हे यातून कळले.

शरीर याचा उपयोग कसा करते?

थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून बोटे गार पडतात. पण आतली ऊब टिकते. उकाड्यात त्या रुंदावतात, जास्त रक्त त्वचेकडे येते आणि उष्णता बाहेर जाते. चेहरा लालबुंद होतो तो त्यामुळेच. हवा शरीरापेक्षा गरम असेल तर मुख्य भिस्त घामावर. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. या सगळ्याचे नियंत्रण मेंदूतील हायपोथॅलॅमसकडे असते, हे मात्र नंतर समजले.

या संशोधनाची किंमत काय होती?

बर्नार यांचे प्रयोग जिवंत प्राण्यांवर, अनेकदा भूल न देता होत. पत्नीच्या हुंड्यावर त्यांचे सुरुवातीचे संशोधन चालले होते; तीच या प्रयोगांची कट्टर विरोधक बनली. मुलीही आईच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि अखेर पती-पत्नी विभक्त झाले. १० फेब्रुवारी १८७८ रोजी बर्नार यांचे निधन झाले, तेव्हा सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. फ्रान्समध्ये शास्त्रज्ञाला मिळालेला हा असा पहिला मान. मोठा मान मिळवणाऱ्या या माणसाचे घर मात्र केव्हाच मोडले होते.

आज त्याचे महत्त्व काय?

बाहेर काहीही बदलो, शरीर आतले वातावरण स्थिर ठेवते, हा बर्नार यांचा विचार आधुनिक वैद्यकाचा पाया ठरला. पण या यंत्रणेलाही मर्यादा आहेत. शरीरात पाणी कमी पडले किंवा दमट हवेत घाम वाळेनासा झाला की आतले तापमान चढू लागते. ते ४० अंशांपुढे जाऊन माणूस बरळू लागला तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे.