हात लावायला बंदी असलेला सूक्ष्मदर्शक

श्रीगोंद्यात दाढेला कॅप बसवायला गेलात, तर डॉक्टर आता झिर्कोनियाचा पर्याय सुचवतात. हे झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड. शुद्ध झिर्कोनिया भट्टीतून निघून थंड होताना त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, ते चार-पाच टक्के फुगतात आणि वस्तू तडकते. थोडे यिट्रियम ऑक्साइड मिसळले की हा बदल थांबतो. मात्र दर दोन यिट्रियम अणूंमागे स्फटिकात ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. हा दोष मुद्दाम ठेवलेला, आणि कॅप टिकते ती त्याच्यामुळेच. पुढे भेग पडू लागलीच, तर तिच्या टोकाजवळचे कण फुगून तिला दाबून धरतात. हे कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे. त्यांच्या आत काय घडते ते प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही.

ते दाखवणारे यंत्र घडवले अर्न्स्ट रुस्का यांनी. जन्म २५ डिसेंबर १९०६, जर्मनीतल्या हायडेलबर्गचा. वडिलांच्या अभ्यासिकेत मोठा सूक्ष्मदर्शक होता, पण मुलांना त्याला हात लावायची सक्त मनाई! बर्लिनमध्ये शिकत असताना, १९३१ साली, माक्स क्नोल यांच्यासह त्यांनी तारेच्या वेटोळ्यांच्या चुंबकत्वाने इलेक्ट्रॉन वळवून प्रतिमा मोठी केली. ती वीसपटही नव्हती. १९३३ मध्ये मात्र बारा हजारपट झाली.

तरी पैसे द्यायला कोणी तयार होईना. इलेक्ट्रॉनच्या झोतात नमुना जळून खाक होईल, अशी जाणकारांची शंका. पोटासाठी रुस्का टेलिव्हिजनच्या कंपनीत नोकरी करत राहिले. अडलेले काम सुटले ते वैद्यकामुळे. धाकटा भाऊ हेल्मुट डॉक्टर. त्याच्या प्राध्यापकांनी १९३६ मध्ये यंत्राच्या बाजूने अभिप्राय दिला. पुढच्या वर्षी सीमेन्सने रुस्का आणि त्यांचे मेहुणे बोडो फॉन बॉरीस यांना कामावर घेतले. १९३९ मध्ये यंत्र विक्रीला आले आणि हेल्मुटने त्यातून विषाणूंची चित्रे घेतली. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात प्रयोगशाळा गेली. युद्ध संपल्यावर रुस्का यांनी पुन्हा सुरुवात केली.

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी झिर्कोनियाचे हे फुगून भेग अडवणे जगासमोर मांडले; त्यांच्या हाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता. रुस्का यांना नोबेल मिळाले ते १९८६ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर. पंचावन्न वर्षांचा हा उशीर माझ्या मते अन्यायच. फॉन बॉरीस, क्नोल आणि हेल्मुट तोवर हयात नव्हते, आणि हे पारितोषिक मरणोत्तर देत नाहीत. २७ मे १९८८ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये रुस्का यांचे निधन झाले.