विश्लेषण : दुष्काळाने आई-वडील हिरावले, तरी पंडिता रमाबाई पुन्हा दुष्काळातच का गेल्या?

आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. तरीही १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच पंडिता रमाबाई तिकडे निघाल्या. हे धैर्य कुठून आले?

पहिल्या दुष्काळात काय घडले?

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थयात्रा करत. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात हाताशी काहीच उरले नाही. जप, उपास, दानधर्म सारे करून झाले. आधी वडील, मग आई, काही महिन्यांनी बहीण गेली. सोळा वर्षांच्या रमाबाई भाऊ श्रीनिवास यांच्यासह देशभर पायी फिरल्या. पंजाबात थंडीपासून वाचण्यासाठी दोघे झेलमकाठी वाळूत खड्डे खणून झोपत.

श्रद्धा कशी बदलली?

इतकी हाक मारूनही देवांनी ऐकले नाही, ही सल मनात राहिली. १८८०मध्ये भाऊ आणि १८८२मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी वारले. पदरी तान्ही मनोरमा होती. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात वादळ उठले. बाप्तिस्म्यानेही मन लगेच शांत झाले नाही. देव खरोखर जवळ आहे, ही खात्री पटायला आणखी आठ वर्षे लागली, असे त्यांनी आत्मकथनात नमूद केले आहे.

पुन्हा दुष्काळात का?

मध्य प्रांतातील बातम्यांनी जुन्या आठवणी जाग्या झाल्या. जवळ पुरेसा पैसा नव्हता, मुलींना ठेवायला जागाही नव्हती. प्रार्थना करून त्यांनी सुमारे ३०० मुली आणि विधवांना आणायचे ठरवले. पुण्यात प्लेगची धास्ती होती. त्यामुळे दौंडजवळच्या केडगावात, शेतजमिनीवर तात्पुरता निवारा उभा राहिला. तीच पुढे ‘मुक्ती’ संस्था झाली. १९००च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

यातून काय दिसते?

भुकेची भीती रमाबाई कधीच विसरल्या नाहीत. देव सोबत आहे, या विश्वासाने त्या तीच भीती बरोबर घेऊन इतरांसाठी धावल्या. १९२१मध्ये मनोरमाही गेली. त्यानंतरही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले.