आंतोन मकारेंको : संगतीला वळण लावणारा शिक्षक

कुमारवयातील मुलगा बिघडला की दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो. तो ज्या टोळक्यात वावरतो त्याकडे मात्र क्वचितच पाहिले जाते. वसतिगृहाच्या कार्याशी निगडित असलेल्या आम्हा सर्वांना म्हणूनच आंतोन मकारेंको यांचे चरित्र मोलाचे वाटते.

मकारेंको यांचा जन्म १८८८ साली युक्रेनमधील बेलोपोल्ये या गावी झाला. वडील रेल्वेच्या कारखान्यात रंगारी होते. १९०५ साली आंतोन शिक्षक झाले. पुढे रशियातील यादवी युद्धाच्या काळात असंख्य मुले निराधार होऊन चोऱ्यामाऱ्यांकडे वळली. अशा बालगुन्हेगारांसाठी पोल्ताव्हा शहराजवळ वसाहत चालविण्याचे काम १९२० साली मकारेंको यांच्याकडे आले. या वसाहतीला मॅक्झिम गॉर्की यांचे नाव देण्यात आले.

मुलांचे पूर्वचरित्र उगाळायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. टोळीने राहण्याची मुलांची ओढ त्यांनी मोडली नाही. तिला कामाचे वळण दिले. मुलांची पथके पाडली. एका कामात जो नायक, तो दुसऱ्या कामात साधा सोबती होई. त्यामुळे केवळ दांडगाईच्या बळावर पुढारीपण टिकेना. तुरुंगातून आलेला सेम्योन कालाबालिन याच वसाहतीत घडला आणि पुढे स्वतः निराधार मुलांच्या संस्था चालवू लागला.

खरी कसोटी १९२६ साली लागली. खारकोव्हजवळ कुऱ्याझ येथील जुन्या मठात सुमारे २८० मुलांची संस्था पार विस्कटली होती. मकारेंको आपली सुमारे १२० मुले घेऊन तेथे गेले. वाईट संगतीने चांगली मुलेच गिळली जाण्याचा धोका उघड होता. त्यांनी नव्या मुलांचा निराळा गट राहू दिला नाही. जुन्या पथकांत त्यांना मिसळून टाकले. ती वसाहत सावरली.

त्यांची लष्करी थाटाची शिस्त वरिष्ठांना रुचली नाही व १९२८ साली त्यांना गॉर्की वसाहत सोडावी लागली. आम्हालाही ती शिस्त जशीच्या तशी स्वीकारार्ह वाटत नाही. तथापि खारकोव्हच्या दुसऱ्या संस्थेत, द्झेर्झिन्स्की कम्यूनमध्ये, त्यांनी आपले कार्य पुढे चालविले. तेथील मुलांनी कॅमेरे तयार केले. १९३९ साली मकारेंको निवर्तले.

चार व्रात्य मुलांना शिक्षा म्हणून एकाच खोलीत ठेवणे सोपे असते. परंतु तेथे ती एकमेकांचेच धडे गिरवितात. त्यांना जबाबदारीची कामे देऊन चांगल्या सोबत्यांत विखरून ठेवणे कठीण खरे. पण वसतिगृह चालविणाऱ्या आम्हा सर्वांचे कर्तव्य तेच आहे.