भावाच्या १५ रुपये पगारातले ८ रुपये गोपाळला जायचे, तरी गोखल्यांनी दूरचं कॉलेज गाठलं

श्रीरामपूरच्या बोरावके कॉलेजात एक-दोन वर्षं काढली की पोरांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. डिग्री इथूनच पूर्ण करायची की टीसी काढून पुण्या-मुंबईचं कॉलेज गाठायचं? मार्क असतात, जायची इच्छाही असते. गाडी अडते ती खोलीचं भाडं, मेसचं बिल आणि घरून कोण किती पाठवणार यावर.

सुमारे १४० वर्षांपूर्वी कोल्हापुरात एक पोरगा याच हिशोबात अडकला होता. पुढं तो नामदार गोखले म्हणून देशाला माहीत झाला.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी झाला. वडील कागलला नोकरी करायचे. १८७९ साली वडील गेले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता आणि घरात कमावतं कुणीच उरलं नव्हतं.

थोरला भाऊ गोविंद तेव्हा स्वतःच शिकत होता. त्यानं शिक्षण सोडून नोकरी धरली. महिन्याला पगार १५ रुपये. त्यातले ८ रुपये तो कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचा आणि उरलेल्या ७ रुपयांत बाकीचं घर चालवायचा. आपण गोखल्यांचं नाव घेतो, या गोविंदरावांचं फारसं कुणी घेत नाही.

त्या ८ रुपयांत किती ओढाताण व्हायची याचा एक किस्सा सांगितला जातो. एक मित्र गोपाळला नाटकाला घेऊन गेला आणि नंतर त्यानं तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळला वाटलं होतं, मित्रच पैसे भरतोय. पैसे तर दिले, पण मग दिव्याच्या तेलाला काही उरेना. काही दिवस अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली झाला.

१८८१ ला मॅट्रिक झाल्यावर गोपाळनं ठरवलं की आता बस्स, नोकरी धरायची आणि भावाचा भार हलका करायचा. भाऊ ऐकेना. वहिनींनी तर अंगावरचे दागिने मोडायची तयारी दाखवली. त्यामुळं १८८२ साली गोपाळ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाला.

खरी अडचण इथून पुढं होती. राजाराम कॉलेजात तेव्हा बीएपर्यंतचे वर्गच नव्हते. घराजवळ राहायचं म्हटलं तर पदवीवर पाणी सोडावं लागणार आणि पदवी हवी तर खर्च वाढणार. श्रीरामपूरच्या पोराला निदान गावातूनच पुण्याची गाडी मिळते (स्टेशनचं नाव बेलापूर आहे, ते सोडा). कोल्हापुरात रेल्वे आली ती १८९१ साली.

तरीही गोपाळ गेला. आधी पुण्याचं डेक्कन कॉलेज, मग मुंबईचं एल्फिन्स्टन.

एल्फिन्स्टनमध्ये दोन गोष्टी जमून आल्या. एक म्हणजे शिक्षक. तिथले प्राचार्य वर्ड्सवर्थ हे त्याच नावाच्या प्रसिद्ध इंग्रज कवीचे नातू, आणि गणिताला हॅथॉर्नथ्वेट. या दोघांची गोपाळवर मर्जी बसली. दुसरी गोष्ट पैशाची. त्याला महिना २० रुपये शिष्यवृत्ती मिळाली. भावानं नोकरी धरली तेव्हाच्या पगारापेक्षा ही रक्कम ५ रुपयांनी जास्त होती! म्हणजे मुंबईत राहूनही घरावरचा बोजा कमीच झाला. १८८४ साली, वयाच्या १८ व्या वर्षी गोपाळ बीए झाला.

आता पोरगा मोठ्या पगाराला लागेल, अशी घरच्यांची आशा होती. त्यात चूक काहीच नव्हतं. गोखल्यांनी वकिलीचा अभ्यासही सुरू केला होता. पण १८८५ ला ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक झाले आणि १८८६ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. म्हणजे २० वर्षांचं बंधन आणि पगार महिना ७५ रुपये. ज्या भावानं आपलं शिक्षण सोडलं होतं, त्याला हे पटवून देणं सोपं गेलं नाही. पण शेवटी घरून होकार आला.

पुढं फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असं लागेल ते शिकवलं. १९०२ साली ते बाहेर पडले तेव्हा पेन्शन होतं महिना ३० रुपये. घरखर्चाला खरा आधार झाला तो त्यांनी शाळांसाठी लिहिलेल्या अंकगणिताच्या पुस्तकाचा.