गाडी विकली, पण जीव अडकला होता: स्टीव्ह मॅक्वीन आणि त्याच्या परत आलेल्या गाड्यांची गोष्ट

घरातली जुनी स्कूटर विकली त्या दिवशी वडील गप्प का बसले होते, हे आपल्याला लहानपणी कळत नाही. व्यवहार तर चांगला झालेला असतो, पैसेही हातात आलेले असतात. तरी माणूस दोन-तीन वेळा खिडकीतून रिकाम्या जागेकडे बघून येतो. पुढे कधीतरी रस्त्यात तीच स्कूटर दिसली की नंबर वाचायला मान वळतेच.

हॉलिवूडचा एकेकाळचा सगळ्यात महागडा हिरो स्टीव्ह मॅक्वीन याचंही असंच व्हायचं. फरक इतकाच की त्याच्याकडे स्कूटर नव्हती, जॅग्वार, पोर्शे आणि फेरारी होत्या. त्यातल्या काही त्याने विकल्या आणि नंतर परत मिळवल्या. एका गाडीसाठी मात्र त्याने पत्र पाठवलं, विनवणी केली, तरी ती त्याला मिळाली नाही.

आज जुन्या स्पोर्ट्स कारच्या लिलावात मॅक्वीनचं नाव जोडलं गेलं की किंमत कुठल्या कुठे जाते. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर त्याच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागेल.

लाल तीनचाकी सायकल

२४ मार्च १९३०. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बीच ग्रोव्ह नावाच्या गावात स्टीव्हचा जन्म झाला. वडील हवाई कसरती करणारे वैमानिक होते. मुलगा तान्हा असतानाच ते घर सोडून गेले. आईला दारूचं व्यसन होतं. पोराला सांभाळणं तिला जमेना, म्हणून त्याची रवानगी मिझुरी राज्यातल्या स्लेटर गावी, आईच्या माहेरच्यांकडे झाली.

तिथे आईचे काका क्लॉड यांची शेती होती. स्टीव्हच्या चौथ्या वाढदिवसाला क्लॉडनी त्याला लाल रंगाची तीनचाकी सायकल दिली. वेगाची गोडी त्या सायकलनेच लावली, असं तो मोठेपणी सांगायचा.

पुढचं बालपण मात्र खडतर होतं. आईने त्याला परत नेलं, पण सावत्र वडिलांकडून मार मिळाला. एका कानाने कमी ऐकू यायचं, वाचताना अक्षरं नीट लागत नव्हती. शाळेत मन रमेना, मग टोळक्यांत राहून चोऱ्यामाऱ्या सुरू झाल्या. शेवटी कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या 'बॉइज रिपब्लिक' या वाट चुकलेल्या मुलांच्या संस्थेत त्याला ठेवण्यात आलं.

ही संस्था तो कधी विसरला नाही. स्टार झाल्यावरही तो तिथे जायचा, मुलांबरोबर बसून गप्पा मारायचा.

१९४७ ला तो मरीन दलात भरती झाला आणि १९५० ला बाहेर पडला. माजी सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळायची. त्या पैशांवर त्याने न्यूयॉर्कमध्ये अभिनयाचे धडे घ्यायला सुरुवात केली. खर्चाला पैसे कमी पडायचे, म्हणून शनिवार-रविवारी मोटरसायकलच्या शर्यतीत उतरून तो बक्षिसाची रक्कम मिळवायचा. त्याच काळात एमजी टीसी ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार त्याच्याकडे आली.

खिशात फारसं काही नाही, पण दारात स्पोर्ट्स कार. हिशेबी माणसाला हे पटणार नाही. गाड्यांचं वेड असलेल्याला मात्र लगेच पटेल.

पहिली पोर्शे आणि पहिली शर्यत

१९५८ ला 'वॉन्टेड: डेड ऑर अलाइव्ह' ही टीव्ही मालिका सुरू झाली आणि मॅक्वीन घराघरात पोहोचला. हातात नियमित पैसे यायला लागले. त्याने काळ्या रंगाची पोर्शे ३५६ स्पीडस्टर घेतली, तीही कोरी करकरीत.

ही गाडी त्याने नुसती मिरवायला घेतली नव्हती. १९५९ मध्ये सांता बार्बराच्या शर्यतीत त्याने ती उतरवली आणि नवशिक्यांच्या गटात पहिला आला. मग आणखी वेगाची हाव सुटली. स्पीडस्टर विकली, खास शर्यतीसाठी बनवलेली लोटस इलेव्हन घेतली.

पण स्पीडस्टर डोक्यातून गेली नाही. १९७० च्या दशकात त्याने तीच गाडी शोधून परत विकत घेतली. ती आजही त्याच्या कुटुंबाकडे आहे.

आगीतून वाचलेली जॅग्वार

आता त्याच्या सगळ्यात लाडक्या गाडीकडे येऊ. जॅग्वार एक्सकेएसएस.

या गाडीची जन्मकथाच भन्नाट आहे. जॅग्वारच्या डी-टाइप या रेसिंग कारने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षं ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली. पण १९५६ च्या शेवटी कंपनीने स्वतःचा रेसिंग संघ बंद केला. कारखान्यात न विकलेल्या २५ डी-टाइप तशाच उभ्या होत्या. मग कंपनीने ठरवलं, याच गाड्या थोड्या बदलून रस्त्यावर चालवण्यासाठी विकायच्या.

बदल म्हणजे काय? ड्रायव्हरच्या मागचा उंच पंखा काढला, दोन सीटमधली आडवी पट्टी काढली. शेजारी बसणाऱ्यासाठी दार दिलं, पूर्ण रुंदीची काच दिली, कापडी टप दिला, पुढेमागे छोटे बंपर लावले. डिकी नव्हतीच, म्हणून मागे सामान बांधायला कॅरिअर. बाकी आत सगळा रेसिंग कारचाच ऐवज होता. ३.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, साधारण २५० हॉर्सपॉवरची ताकद आणि हलकं वजन.

पण १२ फेब्रुवारी १९५७ ला कव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली. २५ पैकी ९ गाड्या जळाल्या, १६ उरल्या.

त्या १६ पैकी एक लॉस एंजेलिसमध्ये बिल लेडन या रेडिओ-टीव्ही कलाकाराकडे होती. पांढरट रंग, आत लाल सीट. मॅक्वीनने ती पाहिली आणि १९५८ मध्ये ५,००० डॉलरला विकत घेतली. बाहेरून गडद हिरवा रंग मारून घेतला, आतलं लाल कातडं काढून काळं लावलं. डॅशबोर्डला सामानाचा कप्पा नव्हता, तोही बनवून घेतला. गाडीला त्याने नाव ठेवलं 'ग्रीन रॅट', म्हणजे हिरवा उंदीर.

तुम्ही म्हणाल, अशी गाडी रोज चालवायला कशी असेल? तर त्रासदायक. केबिनमध्ये इंजिनची गरमी येते, आवाज कानठळ्या बसवणारा, पाऊस आला तर टप नावालाच. तीन कार्बोरेटर एका सुरात आणणं हे जाणत्या मेकॅनिकचं काम. पण हा पठ्ठ्या रात्री ती काढायचा आणि मलहॉलंड ड्राइव्हच्या वळणावळणांच्या डोंगररस्त्यावर सोडायचा. वेगाच्या दंडाच्या पावत्या जमत गेल्या.

१९६९ ला त्याने ही गाडी नेवाडातल्या रीनो शहरात विल्यम हॅरा या कसिनोमालकाच्या संग्रहाला विकली. त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या गाड्यांच्या संग्रहांपैकी तो एक होता. गाडी सुरक्षित होती, चकाचक होती, पण आता ती नुसती बघायची वस्तू झाली होती. मॅक्वीनला हे पचलं नाही. १९७७ मध्ये त्याने ती परत मिळवली आणि पुन्हा रस्त्यावर आणली.

नकली आणि असली

या मधल्या काळात मॅक्वीन जगातला मोठा स्टार झाला होता. १९६३ च्या 'द ग्रेट एस्केप'मध्ये त्याची मोटरसायकल काटेरी तारांवरून उडी मारते, तो प्रसंग अजून रील्समध्ये फिरतो. खरं तर ती उडी त्याचा मित्र बड एकिन्सने मारली होती. मॅक्वीनला असा धोका पत्करू द्यायला निर्माते तयार नव्हते.

१९६८ ला 'बुलिट' आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर हिरवी फोर्ड मस्टँग आणि काळी डॉज चार्जर यांचा जवळपास ११ मिनिटांचा पाठलाग. बरंच ड्रायव्हिंग त्याने स्वतः केलं, अवघड भाग स्टंटमनने केला. चित्रपटातल्या गाड्यांच्या पाठलागाचं माप त्यानंतर याच प्रसंगावरून काढलं जाऊ लागलं.

पण हा माणूस फक्त कॅमेऱ्यासमोरचा रेसर होता का? याचं उत्तर १९७० मध्ये मिळालं. फ्लोरिडातल्या सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत पीटर रेव्हसनसोबत त्याने पोर्शे ९०८ चालवली. काही दिवसांपूर्वीच मोटरसायकलच्या शर्यतीत त्याचा डावा पाय मोडला होता. प्लास्टरमध्ये असलेल्या त्या पायाने तो क्लच दाबत होता. जास्त वेळ रेव्हसननेच गाडी चालवली हे खरं, पण दोघे मिळून दुसरे आले. १२ तासांनंतर मारिओ आंद्रेत्तीच्या फेरारीपेक्षा ते अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळाने मागे होते.

वेडाची किंमत

इथे गोष्ट थोडी कडू होते.

मॅक्वीनला ल मॉंच्या शर्यतीवर असा चित्रपट करायचा होता, ज्यात काहीही खोटं नसेल. १९७० च्या खऱ्या शर्यतीत स्वतः धावायची त्याची इच्छा होती, पण विम्यामुळे ते जमलं नाही. शूटिंग सुरू झालं तेव्हा पटकथाच पक्की नव्हती. दिग्दर्शक जॉन स्टर्जेस काम सोडून गेले. डेव्हिड पायपर या रेसरला शूटिंगमधल्या अपघातात पायाचा काही भाग गमवावा लागला. बजेट हाताबाहेर गेलं.

१९७१ ला 'ल मॉं' प्रदर्शित झाला तेव्हा तो चालला नाही. रेसिंगप्रेमी आज त्याला डोक्यावर घेतात, पण तेव्हा मॅक्वीनची निर्मितीसंस्था अडचणीत आली. १९५६ पासूनचा नील अ‍ॅडम्ससोबतचा संसारही १९७२ ला मोडला. हीच ती पत्नी, जिने त्याला वाढदिवसाला तपकिरी रंगाची फेरारी लुसो भेट दिली होती.

गाड्यांचं वेड गॅरेजपुरतं राहिलं तर छंद असतो. तो घर आणि धंदा दोन्ही गिळायला लागला की काय होतं, हे मॅक्वीनने अनुभवलं.

जी परत आली नाही

१९७७. मॅक्वीनला 'बुलिट'मधली मस्टँग हवी होती. ती गाडी तोपर्यंत दोन हात बदलून न्यू जर्सीतल्या एका साध्या कुटुंबाकडे गेली होती. १९७४ मध्ये जाहिरात बघून त्यांनी ती साधारण ६,००० डॉलरला घेतली होती. घरातल्या बाई शिक्षिका होत्या आणि शाळेत जायला हीच गाडी वापरायच्या!

मॅक्वीनने त्यांना पत्र लिहिलं. गाडीशी आपल्या आठवणी जोडलेल्या आहेत, ती मूळ अवस्थेत जपायची आहे, बदल्यात दुसरी मस्टँग देता येईल, असा त्याचा सूर होता. मात्र वाट्टेल ती किंमत देणार नाही, हेही त्याने कळवलं.

त्या कुटुंबाने गाडी दिली नाही. जगप्रसिद्ध हिरो मागतोय म्हणून घरची गाडी का द्यायची? मॅक्वीनचा जीव जसा जॅग्वारमध्ये अडकला होता, तसाच त्यांचा मस्टँगमध्ये होता. त्यांचा नकार सगळ्यात जास्त कुणाला कळायला हवा होता, तर तो मॅक्वीनलाच.

विमानाच्या हँगरमधलं घर

शेवटच्या काळात मॅक्वीन सांता पॉला या छोट्या गावात राहायला गेला. जुनं स्टिअरमन विमान घेतलं, उडवायला शिकला. विमानांच्या हँगरमध्येच त्याने मुक्काम ठोकला होता. आजूबाजूला शंभरावर जुन्या मोटरसायकली, गाड्या, खेळणी आणि अवजारं.

१९७९ च्या शेवटी त्याला मेसोथेलिओमा हा कर्करोग असल्याचं निदान झालं. हा आजार प्रामुख्याने अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्काने होतो. मरीनमध्ये असताना जहाजाच्या पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचं काम त्याने केलं होतं. त्या काळी रेसर आगीपासून बचावाला जे कपडे वापरत, त्यांतही अ‍ॅस्बेस्टॉस असे. नेमकं कारण कुठलं, हे कुणीच ठामपणे सांगू शकत नाही.

७ नोव्हेंबर १९८० ला, मेक्सिकोत शस्त्रक्रियेनंतर त्याचा मृत्यू झाला. वय फक्त ५०.

पुढे गाड्यांचं काय झालं?

१९८४ मध्ये लास वेगासला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. 'ग्रीन रॅट' सुमारे दीड लाख डॉलरला गेली. आज ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात आहे. फेरारी लुसो २००७ ला २३ लाख डॉलरला, 'ल मॉं'मधली पोर्शे ९११ २०११ ला पावणेचौदा लाखांना, तर फेरारी २७५ जीटीबी/४ २०१४ ला एक कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकली गेली.

जुनी गाडी घेताना फक्त इंजिन आणि पत्रा बघत नाहीत. चॅसी नंबर, आधीच्या मालकांची साखळी, बिलं, फोटो, पत्रं, हे सगळं तपासतात. गाडी तीच आहे, हे सिद्ध करणारा कागद हीच तिची खरी पुंजी.

मस्टँगचं तर नवलच झालं. १९८० मध्ये क्लच गेला म्हणून ती उभी राहिली, ती कित्येक वर्षं लोकांच्या नजरेआडच होती. २०१८ ला ती जगासमोर आली आणि १० जानेवारी २०२० ला फ्लोरिडातल्या लिलावात ३७.४ लाख डॉलरला गेली.

आणि ती गाडी असली आहे, हे सांगणाऱ्या कागदांमध्ये एक कागद मॅक्वीनचाच होता. तीच चिठ्ठी, ज्यात त्याने गाडी परत मागितली होती आणि फार पैसे देणार नाही असं बजावलं होतं.